मुदतवाढ

जिनिव्हातल्या पाले दे नासिओंच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या मुख्यालयाच्या, फाटकावर सामान तपासताना रक्षकाने माझ्या पर्समधून दंडघेर पट्टी बाहेर काढली. लाल, पिवळा, हिरवा. हे काय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती ही लावतात, आणि माप 11.5 सेंटिमीटरच्या आत आलं तर मूल तीव्र कुपोषित. त्याने पट्टी त्या खुणेपर्यंत ओढून गोल केली आणि आपलं बोट आत घालून पाहिलं. दोन बोटं जेमतेम मावली. मागे रांग खोळंबली होती. काही न बोलता त्याने पट्टी नीट गुंडाळून माझ्या हातात दिली.

मे 2025 मधली 78वी वर्ल्ड हेल्थ असेंब्ली होती, जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांची वार्षिक सभा. वर्तमानपत्रांचं सगळं लक्ष महासाथीच्या करारावर होतं, आणि तो 20 मे रोजी मंजूरही झाला. मी आले होते पोषणाच्या विषयासाठी, एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वतीने निवेदन वाचायला. 2012 साली याच असेंब्लीने माता आणि बालकांच्या पोषणाची सहा लक्ष्यं ठरवली होती. त्यांची मुदत 2025. खुरटलेल्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची न वाढलेल्या, मुलांची संख्या 40 टक्क्यांनी कमी करायची, म्हणजे 2010 च्या अंदाजाने 17.1 कोटी होती ती साधारण 10 कोटींवर आणायची. उंचीच्या मानाने फार कमी वजन असलेल्या मुलांचं प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली न्यायचं. आमच्या हातात होते ते 2022 चे आकडे: खुरटलेली 14.81 कोटी, कृश 4.5 कोटी. मुदत तर संपत आलेली. म्हणून ती 2030 पर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव.

मुदतवाढ. हा शब्द मी सरकारी कामात शेकडो वेळा ऐकलाय. निविदेला मुदतवाढ, अर्जाला मुदतवाढ, पुलाच्या कामाला मुदतवाढ. त्या आठवड्यात मात्र तो कानावर आला की मला मेळघाटातली एकच मुलगी आठवायची.

ती जन्मली 2012 च्या पावसाळ्यात, लक्ष्यं ठरली त्यानंतर दोनेक महिन्यांनी. मी तिला पाहिली सप्टेंबर 2013 मध्ये, धारणी तालुक्यातल्या एका पाड्यावर. चौदा महिन्यांची होती. दंडघेर 11.1. भूक होती, सूज नव्हती, ताप नव्हता, म्हणून दवाखान्यात न हलवता अंगणवाडीतच उपचार सुरू केले. सेविका दिवसातून पाच-सहा वेळा तिला भरवायची. घट्ट खिचडी, वर तेल, उकडलेलं अंडं, शेंगदाण्याचा लाडू चुरून. पाच आठवड्यांत पट्टी 11.4 वर आली. मुलगी हसायला लागली. कुपोषित मूल पहिल्यांदा हसतं तेव्हा आम्ही सगळेच तेवढ्यापुरतं काम थांबवतो. वजनकाट्याच्या आधी ते हसूच सांगतं की मूल वळणावर आलंय.

मग दिवाळी आली. दिवाळीनंतर मेळघाटातली कितीतरी घरं कुलपात जातात. माणसं वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर, मैदानी भागातल्या शेतांवर जातात आणि होळीला परततात. तेही गेले. सेविकेने नोंदवहीत तिच्या नावापुढे लिहिलं, "स्थलांतरित". 2014 च्या होळीला ते कुटुंब परत आलं. मुलगी आली नाही.

निवेदनाच्या पहिल्या मसुद्यात ती होती. मसुदा झाला होता तीन मिनिटांचा आणि आम्हाला मिळालं होतं एक मिनिट. सदस्य देश आधी बोलतात, मग संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, आणि आमच्यासारखे सगळ्यात शेवटी. मजकूर आधी द्यावा लागतो, कारण काचेच्या खोल्यांत बसलेले दुभाषे तो अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिशमध्ये नेत असतात. भरभर वाचून वेळ वाचवावा, तर नेमका मुद्दाच त्यांच्या हातून सुटायचा. म्हणून शब्द मोजायचे. इंग्रजीत सव्वाशे, फार तर एकशे तीस.

कापाकापी करायला रात्री आम्ही दोघी बसलो. माझ्याबरोबर होती पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशातल्या मारादीची एक परिचारिका. वीस वर्षं कुपोषण केंद्रात काम केलेली. तिला एक वाक्य काही केल्या हवं होतं: उपचाराच्या तयार पाकिटांचा पुरवठा तुटू देऊ नका. शेंगदाण्याची पेस्ट, दूध भुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वं, क्षार. 92 ग्रॅमचं पाकीट, 500 किलोकॅलरी. पाणी लागत नाही, शिजवावं लागत नाही, फोडून मूल थेट चोखतं. एका खोक्यात 150 पाकिटं, आणि एक मूल बरं व्हायला साधारण एक खोकं. 2005 च्या दुष्काळात मारादीच्या आसपास हजारो मुलं दवाखान्यात न ठेवता या पाकिटांवरच बरी केली गेली, तेव्हापासून ती यात आहे. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे पाकीट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. जगात अशी जी पाकिटं वाटली जात, त्यांचा मोठा वाटा अमेरिकी मदतीतून यायचा, आणि 2025 च्या सुरुवातीला ती मदत थांबवली गेली.

मला ते वाक्य नको होतं. भारतात या पाकिटांवरून जुना वाद आहे. 2017 मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने राज्यांना कळवलं की असं पाकीट हे सरकारचं स्वीकारलेलं धोरण नाही. माझा विरोध कागदावरचा नव्हता, अंगणवाडीतून आलेला होता. पाकीट आलं की तिथली चूल विझते. घरात अन्न का नाही, रोजगार हमीचे पैसे का अडकले, हे विचारणंच बंद होतं. मी हे सगळं तिला सांगितलं, आणि पुरावा म्हणून त्या मुलीची गोष्ट सांगितली. साध्या खिचडीवर, अंड्यावर ती कशी सुधारत होती ते.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या चुलीवरचं तिला किती दिवस मिळालं?"

"पाच आठवडे."

"मग?"

"वीटभट्टी."

"तिच्या आईच्या गाठोड्यात एक खोकं असतं तर?"

मी बारा वर्षं त्या मुलीबद्दल बोलत आलेय. प्रशिक्षणांत, बैठकांत, अधिकाऱ्यांपुढे. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. आमची चूल जागची हलत नव्हती, आणि मुलगी चालती झाली होती. धोरण म्हणून माझं मत आजही तेच आहे, घरच्या आणि अंगणवाडीच्या अन्नाला पाकीट हा पर्याय नव्हे. पण ते मत त्या मुलीच्या नावावर मी पुन्हा मांडू शकणार नाही, हे मला त्या टेबलाशीच कळलं.

वाक्य राहिलं. त्याला जोडून दुसरं आलं: कुटुंब कामासाठी गाव सोडतं तेव्हा मुलाची नोंद आणि उपचार त्याच्याबरोबर गेले पाहिजेत. हे दोन्ही बसवायला मुलगी काढावी लागली. तिच्या जागी उरली एवढीच ओळ: 2012 मध्ये जन्मलेल्या मुलांना ही मुदतवाढ मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी आमची पाळी यायला उशीर झाला. सभागृहातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, काही प्रतिनिधी कागद आवरत होते. मी काचेच्या खोल्यांकडे बघत वाचलं, हळू, प्रत्येक आकड्यानंतर श्वास घेऊन. फ्रेंच दुभाषीचे ओठ माझ्या मागून हलताना दिसत होते. त्या 2012 च्या ओळीशी मी थांबले तेव्हा तीही थांबली, आणि तिने वर पाहिलं. वेळ संपायच्या आत वाचून झालं.

मुदतवाढीच्या प्रस्तावात आमच्या बोलण्याने काही बदलणार नव्हतं, हे माहीत होतं. शब्दांची खरी झटापट फेब्रुवारीत संघटनेच्या कार्यकारी मंडळात होऊन गेली होती. तरी बोलणं गरजेचं होतं असं मला वाटतं, कारण पुढच्या पाच वर्षांत हिशेब मागायला कुठेतरी बोललेलं नोंदलेलं असावं लागतं. याच असेंब्लीत आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या ऑनलाइन जाहिरातींना आवर घालण्याचा ठरावही झाला. त्याचा मला मनापासून आनंद आहे. या पदार्थांच्या जाहिरातींविरुद्धची पहिली आंतरराष्ट्रीय संहिता 1981 ची, 118 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झालेली. तेव्हा हातात मोबाईल नव्हते.

पोषणाच्या लक्ष्यांना मुदतवाढ मिळाली. कुणाचा आक्षेप नाही. पुढचा विषय.

बाहेर हिरवळीवर मोर हिंडत होते. त्या आवारात ते मोकळेच असतात. आम्ही दोघी बाकावर बसलो. मी तिला आमच्याकडच्या पावसाचं सांगितलं, जून ते सप्टेंबर, कणगी रिकामी आणि मुलं आजारी. तिने मान डोलावली. त्यांच्याकडेही तेच महिने, बाजरी हाती येईपर्यंतचे. बाजरीच, आपल्यासारखीच.

तिने केंद्रावर निरोप पाठवला होता. खोकी किती उरली, एवढंच विचारलं होतं. उत्तर आलं तेव्हा तिने ते वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला. त्यांची हौसा भाषा मला येत नाही. ओळीच्या शेवटी आकडा होता, 17.