माघ सरता सरता अलिबागचे पक्षी: भरतीच्या वेळेवर बेतलेले तीन दिवस

पहिल्या दिवशी अलिबागजवळच्या अक्षीच्या किनाऱ्यावर आम्ही चुकीच्या वेळी पोचलो. दुपारचे साडेतीन वाजले होते, ओहोटी पुरती लागलेली, आणि पाणी इतकं आत गेलेलं की पक्षी म्हणजे ओल्या वाळूच्या कडेला हलणारे ठिपके. त्यात किनारा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे ऊन थेट डोळ्यांत. दुर्बिणीतून नुसत्या काळ्या आकृत्या दिसत होत्या. चोचीचा रंग, पायांचा रंग, काहीच कळेना. माझी मामेबहीण पहिल्यांदाच किनाऱ्यावरचे पक्षी बघायला आली होती. अर्ध्या तासाने तिने विचारलं, "ताई, हे सगळे एकाच जातीचे आहेत ना?" त्या ठिपक्यांत निदान पाच जाती होत्या, पण तिला त्या दाखवायच्या कशा?

सुरूच्या बनात एक वयस्कर काका जाळं दुरुस्त करत बसले होते. आमची ती धडपड पाहून त्यांनी आपणहून सांगितलं, "उद्या त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. पावणेदहाला पाणी भरेल. तुम्ही सातला या."

हा हिशेब कोकणात अनेकांना तोंडपाठ असतो. पक्षी बघणाऱ्यांनीही तो पाठ करावा, म्हणून नीट सांगते. शुद्ध असो की वद्य, पंधरवड्यातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. हा अंदाज आहे, पाऊण-एक तास इकडेतिकडे होऊ शकतो. नेमकी वेळ हवी तर मुंबईचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं, अलिबागला ते जवळजवळ तसंच लागू पडतं. पण सुट्टी कधी काढायची हे ठरवायला तिथी पुरते. सकाळी नऊ ते साडेदहाच्या दरम्यान पाणी भरतं असे दिवस निवडा, म्हणजे द्वादशी ते चतुर्दशी. सूर्य पाठीशी असतो, पाणी चढत असतं आणि पक्षी आपणहून तुमच्याकडे सरकत येतात.

आम्ही माघ वद्य द्वादशीला निघालो होतो. त्या सकाळी मुंबईच्या गेटवेहून बोटीने मांडव्याला उतरलो आणि किहीमला थांबलो. पक्षितज्ज्ञ सालिम अली 1930 च्या सुमाराला इथे राहत असताना त्यांनी सुगरणीच्या विणीचा (प्रजननाचा) अभ्यास केला. नर एकामागून एक खोपे विणत जातो आणि मादी पसंत पडलेल्या खोप्यात राहायला येते, हे त्यांनी तासन्‌तास बसून पाहिलं होतं. आत्ता सुगरणींचा हंगाम नाही. मागच्या पावसाळ्यातले फाटके खोपे झावळ्यांना लटकलेले दिसतात, तेवढेच. तरी ते बघताना मला फार बरं वाटलं. कनकेश्वराच्या पायथ्याला थोडं फिरलो. टकाचोर, नाचण, हळद्या सहज दिसले. डोंगर चढायचा विचार होता, पण महाशिवरात्र दोन दिवसांवर आलेली आणि वाटेवर आधीच वर्दळ. तिथे जायचं तर ते दोन-चार दिवस टाळून जा.

आता त्रयोदशीची सकाळ. पावणेसातला अक्षीला पोचलो. अजून पुरतं उजाडलं नव्हतं आणि सुरूच्या बनात दयाळ गात होता. डिसेंबरात हाच पक्षी नुसता खरखरत असतो. माघ संपत आला की त्याचा गळा मोकळा होतो. वाळूवर उतरलो तेव्हा पाणी अर्ध्यावर आलेलं. आम्ही खाडीच्या मुखाच्या बाजूला, ओल्या वाळूपासून बरंच मागे बसलो. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते: चालत पक्ष्यांकडे जाऊ नका, बसा. भरती त्यांना तुमच्याकडे आणते. साडेसातला जे पक्षी दीडशे पावलांवर होते ते साडेआठला पन्नास पावलांवर आले, आणि आम्ही जागचे हललो नव्हतो.

सगळ्यात आधी सँडरलिंग आले. लाट मागे सरली की तिच्या मागोमाग धावत जायचं, दोन-चार टोचा मारायच्या, आणि पुढची लाट यायच्या आत पळत परतायचं. पांढुरके, काळ्या पायांचे. मग चिखल्यांचा (प्लोव्हरांचा) मोठा थवा, शंभर-सव्वाशे तरी असतील. बहिणीला एकच खूण दिली: मानेच्या मागे पांढरा पट्टा आहे का बघ. असेल तर तो केंटिश चिखल्या, नसेल तर सँड प्लोव्हर. दहा मिनिटांत ती स्वतःहून वेगळे काढायला लागली. एकदा हे जमलं की किनारा मोकळा होतो. मग पायांची लांबी, चोचीची जाडी आपोआप दिसायला लागते.

याच वेळी यायचं एक कारण मला दुर्बिणीत स्पष्ट दिसलं. त्या सँड प्लोव्हरांपैकी काहींच्या छातीवर फिकट तांबूस झाक आली होती. जानेवारीत हे सगळे सारखे मातकट असतात. आता विणीची पिसं यायला लागलीत. थोड्याच आठवड्यांत हे पक्षी हिमालय ओलांडून लडाख-तिबेटच्या पठारांकडे जातील. पल्लासच्या मोठ्या कुरवाचं (गलचं) डोकं तर पूर्ण काळं झालं होतं. हा कुरव बाकीच्यांच्या आधी तयार होतो. तपकिरी डोक्याच्या कुरवांत मात्र सगळे टप्पे एकाच थव्यात होते: कुणाच्या कानामागे नुसता ठिपका, कुणाचं डोकं अर्धं तपकिरी, एखाद्याचं पूर्ण. ओळखायला हा काळ अवघड असतो, हे खरं. पण पक्षी बदलत असताना बघायला मिळतो, आणि मला तेच हवं असतं.

सुरय (टर्न) ओळखायला चोच बघा. सगळ्यात मोठा, गाजरासारख्या लाल जाड चोचीचा तो कॅस्पियन. काळी, आखूड, जाडसर चोच असेल तर गल-बिल्ड. काळ्या चोचीचं टोक पिवळं असेल तर सँडविच, आणि पूर्ण नारिंगी असेल तर लेसर क्रेस्टेड. हे चौघेही आम्हाला त्या सकाळी एकाच वाळूच्या पट्ट्यावर मिळाले. नागावच्या दिशेच्या खडकांवर दोन कालवफोडे होते, काळे-पांढरे, लालभडक चोचीचे. माझी नजर त्यांच्यावरून हलेना.

साडेआठच्या सुमाराला एक गाडी वाळूवरून भरधाव गेली. सगळा थवा उठला. तो बसेपर्यंत कुत्री आली, परत उठला. मग कुणीतरी फोटोसाठी थेट थव्यात धावत गेलं. तासाभरात तीन वेळा. थवा उडाला की फोटो छान येतो, हे मला मान्य आहे. पण या दिवसांत हे पक्षी प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात, आणि खायला त्यांना भरती-ओहोटीच्या मधले थोडेच तास मिळतात. पाणी भरलं की त्यांची हक्काची जागा म्हणजे वाळूचा तो चिंचोळा पट्टा. तिथून उठवलं की साठवलेलं खर्ची पडतं. तुमच्या सोबतीला लहान मुलं असतील तर त्यांना हे आधी सांगून ठेवा. माझा अनुभव असा की मुलं ऐकतात.

पावणेदहा झाले तेव्हा काकांनी सांगितल्याप्रमाणे पाणी पूर्ण भरलं होतं. त्याच सुमाराला सुरूंवरून पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड संथपणे गेला, पंख किंचित वर धरलेले, शेपूट पाचरीसारखी. किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर यांची घरटी असतात आणि या दिवसांत त्यांत पिल्लं असू शकतात. घरटं सापडलंच तर लांबूनच बघा, आणि त्याची जागा कुणाला कळवू नका.

दुपारच्या उन्हात पक्षी बघण्यात अर्थ नसतो. त्या वेळात अक्षीचा शिलालेख बघून या. शके 934 चा, म्हणजे इ.स. 1012 चा, मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक.

चार वाजता रेवदंड्याच्या वाडीत गेलो. वाड्या खाजगी असतात, त्यामुळे विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. आम्ही दारात उभं राहून विचारलं, तर काकी म्हणाल्या, "पक्षी होय? मग फिरू नका, पाटाशी बसा. पाणी सोडलंय." त्यांचं म्हणणं अगदी बरोबर निघालं. माघ-फाल्गुनात बाहेर सगळं सुकत चाललेलं असतं, आणि नारळी-पोफळींच्या सावलीत पाटाचं पाणी खेळत असतं. आसपासचे पक्षी आंघोळीला तिथेच येतात. तासाभरात बुलबुल, नाचण, दयाळ, आणि शेवटी लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक. तो बसल्या जागेवरून पाण्यात सूर मारायचा आणि परत फांदीवर जाऊन पिसं झाडायचा. खाली पालापाचोळ्यात नारिंगी डोक्याचा कस्तुर पानं उलटीपालटी करत होता. याला बघायचं तर कान द्या, पानांची खसखस आधी ऐकू येते.

जास्वंदीवर जांभळा शिंजीर होता. हिवाळाभर नराच्या गळ्यावर नुसती एक गडद रेघ असते. आता तो काळा-निळा चमकत होता, फक्त पोटाशी थोडी जुनी फिकट पिसं राहिलेली. तांबटाचं टुक्‌-टुक्‌ कुठून येतंय हे शोधण्यात बहिणीने वीस मिनिटं घालवली. तो प्रत्येक हाकेला डोकं वळवतो, म्हणून आवाजाची दिशा फसवते. वाळकी फांदी बघावी, तो बहुधा शेंड्यालाच असतो.

वाडीच्या बाहेर पांगारा फुलला होता. या दिवसांत पांगारा, पळस किंवा सावर फुललेली दिसली तर पुढे जाऊ नका, त्याच झाडाखाली थांबा. आमच्या पांगाऱ्यावर पळसमैनांचा कलकलाट, कोतवाल, पोपट, साळुंक्या, सगळे एकत्र मधावर तुटून पडलेले. मैनांच्या कपाळावर परागांची पिवळी पूड बसली होती. याही मध्य आशियाच्या बाजूने आलेल्या आणि लवकरच निघणाऱ्या.

तिसऱ्या दिवशी खारेपाट, म्हणजे खाडीकाठचा सखल शेतीचा पट्टा. पोयनाडकडून शहापूर-धेरंडच्या बाजूला गेलो. भात कापून झालेली खाचरं, कुठे वाल, मधे जिताडा माशाची तळी आणि पलीकडे खारबांध व कांदळवन. सकाळी बांधावरून चालताना गप्पीदास, खाटीक, पिवळे धोबी हे पक्षी आणि तारेवर चास. पण इथली खरी वेळ पुन्हा भरतीचीच आहे. चतुर्दशीला साडेदहाच्या सुमाराला खाडीचा चिखल पाण्याखाली गेला, आणि तिथे चरणारे पक्षी थव्याथव्याने बांध ओलांडून तळ्यांत आले: शेकाटे, तुतवार, लाल पायांचे टिलवे, वाकड्या चोचीचे कोरल. आधी तिथे थापटे आणि तलवार बदकं निवांत होती, दोन चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी) चोची हलवत फिरत होते. मग दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी तळ्यावरून गेला आणि सगळं आकाशात. भोवत्यामुळे उठणं त्यांच्या रोजच्या जगण्यातलं आहे, ते पाच मिनिटांत परत बसले.

म्हणून एकाच दिवसात दोन्ही जागा करायचा मोह धरू नका. भरती एक, आणि ती दोन्हीकडे एकाच वेळी लागते.

सोबत काय न्यावं? आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) दुर्बिण पुरते. अक्षीला मात्र स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बिण) असेल तर कुरवांच्या थव्यात फार फरक पडतो. लेन्स आणि दुर्बिण रोज संध्याकाळी ओल्या मऊ फडक्याने पुसा, खारं वारं काचेवर बसतं. टोपी, भरपूर पाणी, आणि वाळूवर अंथरायला काहीतरी, कारण बसायचं पुष्कळ आहे. बांधावर पूर्ण पायाचे बूट घाला, फुरसं हा विषारी साप या भागात आढळतो. खाडीच्या चिखलात उतरू नका, पाय रुततो आणि पाणी पाठीमागून भरतं. यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर डोक्याचा रंग किती बदललाय, छातीवर तांबूस आहे का, हेही शेऱ्यात लिहा. त्या नोंदीची किंमत नुसत्या आकड्याहून जास्त आहे.

परतीच्या बोटीत दुपारी उजव्या बाजूला बसा, सूर्य पाठीमागे राहतो. कुरव बोटीबरोबर उडतात. प्रवासी त्यांना गाठ्या आणि वेफर्स टाकतात. कृपा करून तुम्ही टाकू नका, मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात तळलेलं पीठ आणि मीठ कशाला? काही न टाकताही ते जवळ येतात. मांडवा सुटल्यावर थोड्याच वेळात एक तपकिरी डोक्याचा कुरव कठड्याच्या उंचीला आमच्या शेजारून उडत राहिला. फिकट डोळा, पंखाच्या काळ्या टोकातला पांढरा ठिपका, आणि डोक्यावर कपाळापासून मागे अर्ध्यापर्यंत आलेला तपकिरी रंग. बहिणीने वही काढून त्याच्या डोक्याचं चित्र काढलं आणि शेजारी तारीख घातली.