तुम्ही विचारलंत म्हणून: आजार आतड्याचा, गुठळी पायात

"आजार तुझा आतड्याचा, मग गुठळी पायात कशी?" हा प्रश्न मला सोसायटीच्या जिन्यात विचारून झालाय, फोर्टच्या ऑफिसात डबा खाताना झालाय, आणि गेल्या महिन्यात लेडीज डब्यातल्या एका अनोळखी बाईनेही माझ्या डाव्या पायातल्या घट्ट मोज्याकडे बघत विचारला. घाटकोपर ते कुर्ला एवढ्यात काय सांगणार? "आहे तसं काहीतरी," म्हणून सुटले. आता नीट सांगते.

मला 2009 पासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, व्रण होतात, रक्त जातं. पहिलं वर्षभर सगळ्यांनी ती मूळव्याधच ठरवून टाकली होती आणि मावशीने मला इतका सुरण खाऊ घातला की अजून मंडईत तो दिसला तरी मी वाट बदलते.

2018 च्या पावसाळ्यात आजार जोरात उसळला. दिवसाला दहा-बारा वेळा संडास, आठवडाभर अंथरुणात. मग एका सकाळी डाव्या पायात चप्पल चढेना. उजव्यात सहज गेली, डावीचा पट्टा मात्र ओढून ओढून लावला. नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडला आणि तसाच राहिला. पोटरी तटतटलेली. जवळच्या एका डॉक्टरांनी "रक्त कमी झालंय, त्याची सूज" म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. शेजारीण तिळाचं तेल घेऊन चोळायला आली. मी चोळू दिलं नाही, तेही दुखत होतं म्हणून. अक्कल होती म्हणून नव्हे.

इथे आपला 'सूज' हा शब्दच घोळ घालतो. आतड्याची सूज म्हणजे दाह आणि पायाची सूज म्हणजे साचलेलं पाणी, पण आपल्याकडे दोन्हींना एकच नाव. त्यामुळे माझ्या दोन सुजांची गाठ घालून बघावी असं कुणाला सुचलं नाही. पोटाच्या डॉक्टरांनी फोनवर एकच विचारलं, "दोन्ही पाय की एकच?" एकच म्हटल्यावर त्याच दिवशी डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, करायला लावला.

तो डॉपलर मला अजून दिसतो. गार जेल, मांडीच्या सांध्यापासून खाली सरकणारा तो दांडा. उजव्या पायावर सोनोग्राफीच्या मॅडमनी दाबलं की पडद्यावरचं काळं वर्तुळ मिटायचं, सोडलं की उघडायचं. निरोगी शीर अशी दाबाने चपटी होते. शेजारची धमनी धडधडत तशीच राहते. डाव्या पायावर त्या गुडघ्यामागे आल्या, दाबलं, आणि शीर मिटलीच नाही. मॅडम काही बोलल्या नाहीत. परत दाबलं. मग नुसतं, "सोबत कोण आलंय?"

तर, शिरेत ही रक्ताची गुठळी झाली कशी? रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीइतका जाड थर असतो. आपण त्याला पाइपची आतली बाजू समजतो, पण तो चोवीस तास कामावर असतो. त्या पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात, म्हणजे ठरावीक रेणूच जिथे येऊन बसू शकतो अशी प्रथिनं. थ्रॉम्बोमोड्युलिन हे त्यातलं एक. रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन त्याच्यावर येऊन बसलं की चक्क पक्ष बदलतं (महाराष्ट्रात हे समजायला अवघड जाऊ नये): ते प्रोटीन सी नावाच्या प्रथिनाला जागं करतं आणि प्रोटीन सी गोठण्याला ब्रेक लावतं. शेजारीच प्रोटीन सीला धरून ठेवणारा आणखी एक रिसेप्टर असतो, त्याने हे काम झपाट्याने होतं.

आतडं पेटलं की तिथून टीएनएफ नावाचं प्रथिन सुटतं. त्याचेही रिसेप्टर याच अस्तरावर. टीएनएफ तिथे बसलं की अस्तराचा स्वभावच फिरतो. ब्रेक लावायला मदत करणारे ते दोन्ही रिसेप्टर कमी होतात, गोठण सुरू करणारा टिश्यू फॅक्टर बाहेर येतो, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांना धरून ठेवणारी प्रथिनं उगवतात. गुठळीला लागणारं फायब्रिनोजेन हे प्रथिन यकृत जास्त करायला लागतं. माझ्या प्लेटलेट तेव्हा साडेपाच लाखांवर होत्या. त्यात जुलाबांनी अंगातलं पाणी गेलेलं, स्टेरॉइड चालू, आणि मी पडून. आतड्याला एक रक्त आणि पायाला दुसरं असं थोडंच असतं? पायातल्या शिरांत ते संथ वाहतं, म्हणून तिथे थिजलं. असे आजार असलेल्यांना गुठळीचा धोका इतरांच्या 2 ते 3 पट असतो, आजार उसळलेला असताना तर त्याहून बराच जास्त. गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर हा लेख लिहायला मी नसते.

ॲडमिट केल्यावर पोटाच्या कातडीत हेपरिनची इंजेक्शनं सुरू झाली आणि मावशीने वॉर्डातच आवाज चढवला: "पोरीचं रक्त जातंय आणि तुम्ही रक्त पातळ करताय?" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मलाही तेच वाटत होतं. पण अशा रुग्णाला भरती केलं की गुठळी नसली तरी, थोडंफार रक्त जात असतानाही, प्रतिबंध म्हणून हे इंजेक्शन देतात. माझं रक्त जाणं त्याने वाढलं नाही.

गुठळीवरच्या गोळ्या चालू राहिल्या, पण आतडं शांत ठेवणं हे खरं काम. टीएनएफलाच अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब 1998 पासून आहे. ते देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी करतात, कारण शरीरात दबून राहिलेल्या टीबीला टीएनएफच कोंडून ठेवत असतं. माझी टीबीची चाचणी, म्हणजे मांटू, फुगून लाल झाली, म्हणून ते बाद. वीस वर्षं सेंट्रल लाइनच्या गर्दीत श्वास घेतलाय, आश्चर्य ते काय! याच आजारावरची टोफासिटिनिब ही गोळीही बाद, कारण तिच्या जास्त डोसाबाबत 2019 मध्ये अमेरिकेत गुठळ्यांचाच इशारा निघाला.

शेवटी मिळालं वेडोलिझुमॅब, 2014 मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं. काही पांढऱ्या पेशींवर अल्फा-4 बीटा-7 नावाचा हुक असतो आणि आतड्यातल्या वाहिन्यांवर मॅडकॅम-1 नावाची कडी. पेशी घसटत येते, कडीला अडकते आणि भिंतीतून आतड्यात उतरते. डॉक्टर म्हणाले, दादरला उतरणारी बाई माटुंग्यालाच दाराकडे सरकते ना, तसं. दाखला बरा आहे, फक्त दादरचा फलाट कुणाला स्वतःहून खेचत नाही. सुजलेलं आतडं मात्र जास्त जास्त कड्या लावत बसतं. हे औषध हुकावरच बसतं. ती कडी मुख्यतः आतड्यातच असल्याने बाकी शरीराची राखण बरीचशी शाबूत राहते.

आता दर आठ आठवड्यांनी सलाइनमधून ते घेते. तीन महिन्यांनी डॉपलर परत केला तेव्हा शीर मिटली. पूर्ण नाही, पण मिटली. मीच मॅडमना म्हटलं, "अजून एकदा दाबा ना." तो पाय संध्याकाळी अजून जड होतो, म्हणून मोजा.

आणि दर रविवारी शिंप्याची फीत घेऊन बसते. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली, दोन्ही पोटऱ्या. तीनपेक्षा जास्त सेंटिमीटरचा फरक दिसला तर चहा ठेवायच्या आधी फोन करायचा, असं डॉक्टरांनी बजावलंय. नवरा म्हणतो, "पोटरीला ब्लाउज शिवतेस का?" परवा उजवी 34, डावी साडेचौतीस.