पावसाळ्यात कोंबड्यांच्या शेडमधलं तूस कोरडं ठेवायचं कसं

पाटण, जावळी, शिराळा भागात पाऊस लागला की शेडचे पडदे खालपासून वरपर्यंत बंद होतात. झड आत येऊ नये हे बरोबरच. पण ओल फक्त बाहेरून येत नाही. पाच आठवड्यांचा ब्रॉयलर (मांसासाठीची कोंबडी) दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पितो. १००० पक्ष्यांचं झालं २५० लिटर, आणि त्यातलं बरंचसं विष्ठेतून, श्वासातून शेडमध्येच उतरतं. ते बाहेर पडायला वाट हवी. म्हणून पडदा खालून वर ओढायचा आणि छताखाली फूट-दीड फूट जागा कायम उघडी ठेवायची. पत्रा ३-४ फूट बाहेर काढलेला असला की पागोळ्या लांब पडतात, तिथंच चर काढायचा.

पहाटे शेडमध्ये जाऊन उकिडवं बसा. विष्ठेतून सुटणारा, उभ्या माणसाला न जाणवणारा अमोनिया वायू पक्ष्याच्या उंचीवर डोळ्यांना झोंबतो. मग जमिनीवर अंथरलेलं तूस (भाताची टरफलं) मुठीत दाबून बघा. गोळा होऊन लगेच सुटला तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. पाण्याच्या भांड्याखालचं तूस आधी तपासा, कारण भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीइतकी उंच नसेल तर पाणी सांडतंच. घट्ट झालेली पापडी उचलून बाहेर टाका आणि नवं कोरडं तूस घाला. ओल्या पापडीवर नुसता चुना मारू नका, त्यानं अमोनिया उलट जास्त सुटतो. बाकीचं तूस रोज खालवर करा, दुपारी केलेलं चांगलं.

एवढा आटापिटा मुख्यतः रक्ती हगवणीसाठी, म्हणजे कॉक्सिडिओसिससाठी. विष्ठेतून पडलेली या रोगाच्या परजीवीची अंडी ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत रोग पसरवायला तयार होतात. नेहमीच्या जंतुनाशकांना ती दाद देत नाहीत, कोरडेपणापुढं मात्र टिकत नाहीत. पिसं फुगवून बसलेले पक्षी आणि विष्ठेत रक्त दिसलं की डॉक्टरांना दाखवा. साधारणपणे १०० लिटर पाण्यात २० टक्के अँप्रोलियमची ६० ग्रॅम पावडर ५ दिवस देतात. त्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स बंद ठेवा, त्यातल्या बी-१ मुळं औषधाचा जोर कमी होतो.

खाद्य आठवड्याला पुरेल एवढंच आणा. पोती फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. बुरशीचा वास आला तर ते खाद्य चांगल्यात मिसळून संपवू नका, मुकाट्यानं फेका.

पावसात विहिरीचं, बोअरचं पाणी गढूळतं. १००० लिटरला १० ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाकून अर्धा तास थांबा. पाण्यातून मानमोडी (राणीखेत) किंवा गमबोरो या रोगांची लस द्यायची असेल तर आदल्या दिवसापासून ब्लीचिंग बंद, नाहीतर लस टाकीतच मरते.

पलूस, वाळवा, मिरजेच्या कृष्णाकाठी २०१९ आणि २०२१ चा पूर सगळ्यांनी पाहिलाय. तिथं ऐन ऑगस्टात भरात येईल अशी पिल्लांची बॅच टाकूच नये. मेलेले पक्षी ओढ्यात टाकू नका. विहिरीपासून लांब, उंचवट्यावर खोल खड्डा काढून चुना टाकून पुरा.