पर्थमध्ये अजून मतदान चालू होतं

१४ ऑक्टोबर २०२३, शनिवार. घरी सर्वपित्री अमावास्या, आणि मी सकाळी साडेसहालाच बाहेर. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं सासूबाईंवर टाकून सून निघाली कुठे, तर मेलबर्नच्या पूर्वेकडच्या एका प्राथमिक शाळेत मतपत्रिका वाटायला.

एरवी मी हिशेबाची नोकरी करते. निवडणूक आली की आयोगाची हंगामी कर्मचारी होते. या वेळी उमेदवारच नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत एक कलम घालायचं का, एवढाच प्रश्न. इथल्या मूळ रहिवाशांना घटनेत मान्यता द्यायची आणि त्यांच्या विषयांवर संसदेपुढे, सरकारपुढे म्हणणं मांडणारं एक मंडळ नेमायचं. 'व्हॉइस' म्हणत त्याला. सिनेटनं जूनमध्ये ५२ विरुद्ध १९ मतांनी विधेयक मंजूर केलं होतं. पण १२८ वं कलम सांगतं, संसदेचं झालं की कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त सहा महिन्यांत लोकांना विचारा. लोक नाही म्हणाले, तर विषय संपला.

सकाळी आठला दार उघडलं. नाव काय, पत्ता काय, या सार्वमतात आधी मत दिलंय का, यादीत रेघ, पुढचा. दुपारपर्यंत हे तीन प्रश्न तोंडाला इतके बसले की सासूबाईंचा फोन आला असता तर त्यांनाही विचारले असते. बाहेर पालकसंघ सॉसेज आणि कांदा भाजत होता. मतदानाला आलं की ते खायचं, ही इथली रीतच. मी पित्रांच्या दिवशी केळं खाल्लं.

तीनच्या सुमारास गर्दी ओसरली, तेव्हा एक काका आले. माझ्या छातीवरचं नाव वाचून थेट मराठीत म्हणाले, "बरं झालं बाई भेटलीस. शिक्का कुठे मारायचा?"

"शिक्का नाही काका, लिहायचं. चौकटीत यस किंवा नो."

"मराठीत होय लिहिलं तर?"

इंग्रजीतच लिहा, असं आयोगाचं सांगणं होतं; मी तेच सांगितलं. बरोबरच्या खुणेचा आणि फुलीचा वाद ऑगस्टपासून गाजत होता. खूण केली तर 'होय' धरायचं, पण फुलीला 'नाही' धरायचं नाही, असा नियम. फुलीचा अर्थ दोन्हीकडे लागतो म्हणे. त्यामुळे प्रत्येकाला बजावत होते, अक्षरं लिहा.

काका मत देऊन परत टेबलाशी आले. "आपल्याकडे महिला आरक्षणाची दुरुस्ती नऊ दिवसांत झाली. १०६ वी! ना तुला विचारलं, ना मला."

"काही दुरुस्त्यांना निम्म्या राज्यांचे ठरावही लागतात. जीएसटीला २०१६ मध्ये लागले होते."

"ते आमदारांनी केले. मला कुठे विचारलं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग इथली गंमत सांगितली. देशभर निम्म्याहून जास्त मतं मिळून भागत नाही. सहापैकी चार राज्यांतही वेगवेगळं बहुमत लागतं. १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांच्या निवडणुका एकत्र घ्याव्यात, या दुरुस्तीला ६२ टक्के लोक होय म्हणाले. तरी ती पडली, कारण राज्यं तीनच मिळाली.

"बासष्ट टक्के असून?" काका खुर्चीच ओढून बसले. "आणि ते राजधानीवाले? ते कुठल्या राज्यात?"

"कुठल्याच नाही. कॅनबेराचं मत देशाच्या बेरजेत धरतात, राज्यांच्या नाही."

"म्हणजे अर्धं मत," काका म्हणाले. मला ते तितकंसं पटलं नाही, पण रांग पुन्हा लागली होती.

सहाला दार बंद. पेट्या टेबलांवर रिकाम्या केल्या आणि ढीग लावायला लागलो: होय, नाही, बाद. निवडणुकीत पसंतीक्रमांची मोजणी डोकं खाते. इथे दोनच शब्द. त्यामुळे काम भराभर चाललं होतं आणि कुठला ढीग वाढतोय ते कोपऱ्यातूनही दिसत होतं. कोणी काही बोललं नाही. तटस्थतेच्या कागदावर सही केलेली असते आम्ही. समोरची एक पोक्त बाई मात्र प्रत्येक गठ्ठ्याला रबर लावताना एकदा हातानं सारखा करत होती, गरज नसताना.

केंद्रप्रमुखानं आकडे फोनवर कळवले तेव्हा साडेसात होऊन गेले होते. तोवर न्यू साउथ वेल्स, टास्मानिया, साउथ ऑस्ट्रेलिया 'नाही'कडे गेली होती. सहातली तीन गेली की चार होणं शक्यच नाही. खेळ आटोपला होता. पुढे सहाही राज्यं 'नाही' म्हणाली, देशभरात साठ टक्क्यांच्या आसपास; कॅनबेरा तेवढं 'होय'.

गाडीत बसले तर नणंदेचा फोन. ती पर्थला, आमच्यापेक्षा तीन तास मागे.

"कोण जिंकतंय?"

अहमदाबादला भारत-पाकिस्तान सुरू होऊन तासभर झाला असावा. "मॅच मी अजून बघितली नाही गं."

"मॅच नाही! मी रांगेत उभी आहे. पुढचा माणूस म्हणतोय निकाल लागला. खरं का?"

आयोगाचं जॅकीट अजून अंगात होतं. मी म्हटलं, "तुझं मत बेरजेत येईल. आणि नाही दिलंस तर वीस डॉलर दंड."

"थांब, नाव विचारतायत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.