होडीतल्या संडासाचे पाइप निवडताना

बेळगावात गेली वीस वर्षे मी घरांची नळजोडणी करतो आणि जो पाइप गळत नाही तो चांगला, एवढ्या एका कसोटीवर माझे काम निभावले होते. मागच्या वर्षी गोव्यातल्या भावजींनी मांडवीत चालणाऱ्या आपल्या होडीचा संडास पाहायला बोलावले, तेव्हा चोर्ला घाट उतरून गेल्यावर ती कसोटी अपुरी पडली. सांधे कोरडे ठणठणीत होते, तरीही वासाने केबिनमध्ये उभे राहवत नव्हते.

एका जुन्या खलाशाच्या सांगण्यावरून मी फडके गरम पाण्यात पिळून संडासापासून मैल्याच्या टाकीपर्यंतच्या नळीला गुंडाळले आणि निवल्यावर हुंगले. फडक्याला तोच वास होता. म्हणजे वास सांध्यांतून नव्हे, नळीच्या अंगातूनच पाझरत होता. शेतात पंपाला लावतात तसली साधी लवचीक पीव्हीसीची नळी होती ती. घरात आपण चाळीस फुटांना एक फूट उतार देतो आणि मैला आपोआप वाहून जातो. होडीत असा उतार मिळत नाही. हातपंपाने मैला ढकलावा लागतो आणि नळीच्या प्रत्येक झोळात तो साचून राहतो.

त्यामुळे सरळ अंतर कडक यूपीव्हीसी पाइपाने जोडायचे, कारण त्याच्या भिंतीतून वास येत नाही, आणि पंप व टाकीपाशी, जिथे हादरे बसतात, तिथेच मैल्यासाठी बनवलेल्या जाड रबरी नळीचे आखूड तुकडे लावायचे, असे मी ठरवले. पाइप बेळगावातूनच घेतला. दुकानदाराने सवयीने 'एष्टु इंचु?' विचारले आणि मीही सवयीने दीड इंच म्हणालो. घरी येऊन मोजतो तर पाइपाचा बाहेरचा व्यास ४८ मिलिमीटर आणि नळीचे भोक ३८. अखेर उद्यमबागेतल्या एका लेथवर दोन्हींना जोडणारे गनमेटलचे, म्हणजे तांबे-कथलाच्या मिश्रधातूचे, निपल उतरवून घ्यावे लागले. पितळ स्वस्त पडेल असे कारागीर म्हणत होता, पण खाऱ्या पाण्यात पितळातले जस्त निघून जाते आणि उरतो तो लालसर, ठिसूळ सांगाडा. होडीच्या तळाचा जुना पितळी व्हॉल्व्ह तर मूठ फिरवताच हातात आला होता. होडी काठावर ओढलेली होती म्हणून बरे.

क्लिपा घेताना मी खिशात लोहचुंबक ठेवला. पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा असा माल बाजारात सर्रास मिळतो, आणि खाऱ्या हवेत आधी स्क्रूच गंजतो. खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या ३१६ जातीच्या स्टेनलेसच्या क्लिपा शोधून नळीच्या प्रत्येक टोकाला दोन-दोन लावल्या.

पावसाळ्यानंतर पुन्हा फडके गुंडाळून पाहिले, तेव्हा पाइपाला वास नव्हता. टाकीच्या हवानळीतून मात्र थोडा येतो. ती अर्ध्या इंचाची जुनीच ठेवली, ती माझी चूक. टाकीत हवा खेळली नाही की मैला सडून जास्त घाण सुटते, म्हणून पुढच्या खेपेला तिथे दीड इंची पाइप घेऊन जाणार आहे.