एकच चादर

"एकच द्या. दोघांना पुरतीय की!"

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या दुकानात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मावशी. दुकानदार जोडी घ्या म्हणून मागं लागलेला. राहिलेले पुढच्या महिन्यात द्या, ओळखीच्याच आहात, वगैरे.

मावशींचं तिकडं लक्षच नव्हतं. किनार दोन बोटांत चोळून झाली, मग चादर उलटी केली. जेकार्डची, म्हणजे नक्षी विणतानाच उमटवलेली सोलापुरी चादर ती. रंग उलटे, मोर तोच.

"ही बाजू मळली की ती वर घ्यायची. झाल्या का नाही दोन?"

दुकानदारही हसला. पदराची गाठ सुटली, नोटा मोजल्या गेल्या, विषय संपला.

मी मात्र तिथंच घुटमळलो. खिशात १२ हप्त्यांचा फोन. म्हणायला 'बिनव्याजी'. प्रोसेसिंग फी वेगळी, आणि स्टेटमेंट आल्यावर कळलं की कार्डाच्या हप्त्यातल्या व्याजावर १८ टक्के जीएसटीही लागतो. बरं, जुना बिघडला होता म्हणावं तर तेही नाही. ऑफिसात सगळ्यांकडं नवा होता, एवढंच.

घरी आल्यावर ड्रॉवरमधून जुना फोन काढून चार्जिंगला लावला.

पाच मिनिटांत चालू झाला, नालायक.

तुमच्याही ड्रॉवरात आहे का असं एखादं?