तुम्ही विचारलंत म्हणून: "त्याला टोकत का नाही?"

"मघापासून तो मान उडवतोय, खाकरतोय, आणि तुम्ही शेजारी बसून एक शब्द बोलत नाही. टोकत का नाही त्याला?"

लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या फाटकाशी, आमच्या जिन्यात, एसटीत, सगळीकडे मला हे विचारून झालंय. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना मुलाची काळजीच असते, हे मला कळतं. जिन्यात उभ्या उभ्या सांगून होण्यासारखं ते उत्तर नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

माझा मुलगा १२ वर्षांचा आहे. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि एका जागी बसणं अवघड जातं. आणि टिक्सही आहेत, म्हणजे आपोआप, पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली आणि आवाज. ही जोडी नेहमीची आहे. टूरेट सिंड्रोम (टिक्सचाच दीर्घकाळ चालणारा प्रकार) असलेल्या आणि उपचाराला येणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांना एडीएचडीही असतो. आमच्याकडे एडीएचडी आधी दिसला, पण तेव्हा आम्ही त्याला नुसतं 'वळवळ्या' म्हणायचो. ताटावर बसला की भात संपेपर्यंत चारदा उठायचा. सगळे म्हणायचे, पोरगा आहे, मोठा झाला की बसेल एका जागी.

टिक्स सहाव्या वर्षी आल्या, त्या डोळ्यांपासून. जोरजोरात डोळे मिचकावायला लागला. आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, ॲलर्जी म्हणून थेंब घातले, नंबर तपासला, टीव्ही बंद केला. दीड महिन्यात मिचकावणं गेलं आणि आम्हाला वाटलं, थेंब लागू पडले. मग नाक फुरफुरणं सुरू झालं. ते ओसरतंय तोवर खाकरणं. त्यासाठी हळद-दूध, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या. सासूबाई तिन्हीसांजेला मीठमोहरी घेऊन दृष्ट काढायच्या. मी त्यांना अडवलं नाही. त्या निदान त्याच्यावर ओरडत तरी नव्हत्या. ओरडत मी होते.

दीड वर्ष मी त्याला टोकलं. "डोळे!" "घसा!" "मान सरळ!" भाजी चिरतानासुद्धा माझं एक लक्ष त्याच्या मानेवर असायचं. दुसरीत असताना एका रविवारी मी त्याला म्हटलं, आज दिवसभर मान उडवली नाहीस तर १० रुपये देईन. त्याने खरोखर जीव तोडून प्रयत्न केला. दुपारी जेवताना डाव्या हाताने स्वतःची मान मागून घट्ट धरून ठेवली होती आणि उजव्या हाताने घास घेत होता. ते बघूनही मला काही कळलं नाही. उलट, बघा जमतंय की, असंच वाटलं. पाच वाजता मी त्याला नोट दिली. दिवेलागणीला मान सुरू झाली ती थांबेचना. मानेबरोबर खांदा, खांद्याबरोबर घसा, पाऊण तास. पोरगं घामाने निथळत होतं. रात्री अंथरुणं घातली तेव्हा माझ्या उशीवर ती १० ची नोट ठेवलेली होती, चार घड्या घातलेली.

मी टोकणं त्याच रात्री सोडायला हवं होतं. प्रत्यक्षात ते सुटलं आणखी काही महिन्यांनी, पुण्यात मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी निदान केल्यावर. एकाहून जास्त प्रकारच्या हालचाली, त्यासोबत निदान एक आवाजाची टिक आणि हे सगळं वर्षाहून जास्त काळ चालू असलं की त्याला टूरेट म्हणतात. जिल द ला तुरेत नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८८५ साली अशा नऊ रुग्णांचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव. नाव ऐकल्यावर एका नातेवाईकांनी फोन करून विचारलं, "म्हणजे आता हा शिव्या देणार का?" तोंडातून नको ते शब्द निघणं हे टूरेट असलेल्या दहातल्या एखाद-दुसऱ्याच्या बाबतीत घडतं. आमच्याकडे तो प्रकार नाही. असता, तरी मी गप्पच बसले असते.

टिक येण्याआधी नेमकं काय होतं, हे त्याला लहानपणी सांगता यायचं नाही. बऱ्याच मुलांना ते साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास उमगायला लागतं. तो साडेनऊ वर्षांचा असताना एका संध्याकाळी आजीच्या पायाला डास चावला. त्या खाजवायला वाकल्या तर हा म्हणाला, "आजी, खाजवू नकोस. मी बघतो किती वेळ राहतेस." सासूबाईंनी नेटाने हात मांडीवर ठेवले. मिनिटभरात त्या पाय पायावर घासायला लागल्या. "माझ्या मानेत तसं होतं," तो म्हणाला, "आणि तू म्हणतेस मान नीट ठेव." त्या दिवसापासून सासूबाईंनी त्याच्या मानेचं नाव काढलेलं नाही. डॉक्टरांनी अर्धा तास समजावून त्यांना जे पटलं नव्हतं, ते त्याने डासावर पटवलं.

म्हणजे टिक थोडा वेळ दाबता येते, पण आतली टोचणी वाढत जाते. कोणी तिच्याबद्दल बोललं, बघितलं, हसलं की ती आणखी वाढते. मी "मान!" म्हटलं की त्याचं सगळं ध्यान मानेत जाणार आणि मान उडणार. माझ्या गप्प बसण्याचं पहिलं कारण हे.

"पण क्रिकेट खेळताना तर करत नाही! म्हणजे मनात आणलं तर थांबवू शकतो," असं तुम्ही म्हणाल. अगदी हेच वाक्य एडीएचडीबद्दलही ऐकते मी: "मोबाईलवर दोन तास बसतो, मग अभ्यासालाच का बसत नाही?" दोन्ही त्रासांचं मोठं दुर्दैव हे की ते कमी-जास्त होत राहतात. पोलिओने अधू झालेला पाय सकाळी अधू आणि संध्याकाळी धडधाकट असं होत नाही, म्हणून त्या मुलाला कोणी ढोंगी म्हणत नाही. माझा मुलगा बॅटिंगमध्ये रंगला की टिक्स आपसूक मागे पडतात. दाबायला लागतच नाहीत. आणि मोबाईलवर क्षणाक्षणाला काहीतरी नवं मिळत असतं, तिथे लक्ष धरून ठेवायला त्याला स्वतःची ताकद लावावी लागत नाही. गणिताच्या वहीसमोर ती लावावी लागते, आणि तिथेच ती अपुरी पडते.

वर्गातलं तर याहून अवघड. तिसरीतल्या बाईंनी मला कौतुकाने सांगितलं होतं, "आज दोन तास अगदी शांत होता हो." घरी येऊन मी विचारलं, काय शिकवलं? त्याला एक ओळ सांगता येईना. मान दाबून धरण्यात त्याचं सगळं लक्ष खर्ची पडलं होतं. आधीच त्याच्याकडे लक्षाची शिल्लक थोडी, त्यातली बहुतेक टिक दाबायला गेली, तर पाढ्यांना काय उरणार? तो वर्गात पुतळ्यासारखा बसलेला दिसला की मला धास्ती वाटते. पाचवीच्या सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. त्याला कडेच्या बाकावर, भिंतीलगत बसवलं, म्हणजे मागून कोणी टक लावून बघणार नाही. हजेरीचा कागद ऑफिसात नेऊन द्यायचं काम त्याला दिलं, तेवढंच पाय मोकळे व्हायचं निमित्त. आणि वर्गाला सांगू का, हे मला नाही, त्याला विचारलं. तो म्हणाला, "सांगा, पण मी तेव्हा बाहेर थांबतो."

आता औषधांचं, कारण टोकण्याच्या खालोखाल तोच प्रश्न येतो: "गोळ्यांनीच झालं नाही ना हे?" आमच्याकडे टिक्स गोळ्यांच्या चार वर्षं आधीच्या आहेत. मेथिलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाने टिक्स वाढतात, असं पूर्वी डॉक्टरही मानत. २००२ साली अमेरिकेत दोन्ही त्रास असलेल्या १३६ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हे औषध घेणाऱ्या मुलांच्या टिक्स, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडलेल्या आढळल्या नाहीत. क्लोनिडिन हे दुसरं औषध आणि मेथिलफेनिडेट दोन्ही मिळून घेणाऱ्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. एखाद्या मुलाच्या बाबतीत वेगळं घडूही शकतं, म्हणून डॉक्टरांनी मला लिहून ठेवायला सांगितलं. मी कालनिर्णयच्या चौकटीत रोज टिकांना एक ते पाच आकडा द्यायला लागले, त्याच्या नकळत. वर्षभराची पानं समोर ठेवली तेव्हा दिसलं: जूनमध्ये शाळा सुरू होताना चार, परीक्षेआधी चार, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पाच. आनंदानेही त्या वाढतात. गोळी सुरू केली त्या महिन्यात तीन, पुढच्या महिन्यात दोन. भूक मात्र मेली, डबा अर्धा परत यायचा, मग सकाळचा नाश्ता भरभक्कम करून रात्रीचं जेवण उशिरा ठेवलं. क्लोनिडिन आणायला गेले तेव्हा साताऱ्यातले दुकानदार म्हणाले, "वहिनी, हे तर बीपीचं औषध." आहेच ते बीपीचं. टिक्सनाही देतात.

औषधांखेरीज एक सराव असतो. टिक येणार असं जाणवलं की तिला अडवणारी दुसरी हालचाल करायची. त्याच्या मानेसाठी, हनुवटी थोडी खाली घेऊन मान हलकेच ताठ धरायची, टोचणी ओसरेपर्यंत. २०१० च्या एका अभ्यासात १२६ मुलांपैकी निम्म्यांवर हा उपाय केला, त्यातल्या अर्ध्याहून थोड्या जास्त मुलांना चांगला गुण आला. आम्ही रात्री जेवणानंतर दहा मिनिटं बसतो. त्या दहा मिनिटांच्या बाहेर मी विषय काढत नाही. एडीएचडीमुळे कितीदा तो सराव अर्ध्यावर सोडून खिडकीतलं मांजर बघायला पळतो. मग उद्या पुन्हा.

तुम्हाला न दिसणारी गोष्ट अशी आहे, की मी या मुलाशी दिवसभर बोलतच असते. "चड्डी. आता शर्ट. मोजे कुठेत? वही दप्तरात टाकलीस?" एका दमात तीन कामं सांगितली तर दुसरं हवेत विरतं, म्हणून एका वेळी एकच, खांद्याला हात लावून, नजरेला नजर देऊन. बाथरूमच्या दाराला चित्रांचा तक्ता आहे, स्वयंपाकघरात टायमर आहे. एका त्रासाला सारखी आठवण करून द्यावी लागते आणि दुसऱ्याचा उच्चारही करायचा नसतो, आणि दोन्ही एकाच अंगात, एकाच मिनिटात चालू असतात. दप्तर भरायची आठवण करताना त्याची मान उडालेली मला दिसते. ती दिसली नाही असा चेहरा ठेवून "कंपास घे" म्हणणं, हे मला शिकावं लागलं. मला अजून ते पूर्ण येत नाही. परवा रात्री कंटाळून "बास रे आता" निघून गेलं तोंडातून. त्याने माझ्याकडे बघितलं. मी माफी मागितली.

टिक्स बहुधा दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान सर्वांत जोरात असतात आणि पुष्कळ मुलांच्या पुढे कमी होत जातात. आम्ही आत्ता त्या चढाच्या माथ्यावर आहोत.

मागच्या महिन्यात तपासणी करून स्वारगेटहून साताऱ्याला परत येत होतो. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यापासून त्याचं खाकरणं वाढलं. पुढच्या सीटवरच्या काकांनी दोनदा वळून पाहिलं, रुमाल नाकाला लावला, आणि शिरवळला मला म्हणाले, "पाणी तरी द्या त्याला. काही सांगत कशा नाही?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "काका, खोकला नाहीये मला. आपोआप होतं, लागत नाही कोणाला." काकांनी रुमाल खिशात घातला. खंबाटकीचा घाट आला तेव्हा ते त्याला कितवीत आहेस, कोणती टीम आवडते विचारत होते, आणि तो मध्ये मध्ये खाकरत उत्तरं देत होता. साताऱ्याच्या स्टँडवर तो त्यांना टाटा करत धावतच दाराशी गेला. डबा, पाण्याची बाटली आणि टोपी सीटवरच राहिली होती.

"टोपी," मी म्हटलं. तो मागे आला. "आता डबा."